गोमटेशाच्या पायाशी तीन भाषा

यंदाच्या दिवाळीत व्यापारी घरांतील गप्पांना फराळाइतकीच करांचीही चव होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, ५ आणि १८ हे मुख्य दर उरले, आणि प्रत्येक पेढीवर कोणता माल कोणत्या रकान्यात जाऊन बसला याचा शोध सुरू झाला. इचलकरंजीच्या एका कापडव्यापारी कुटुंबातही तेच चालले होते. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांना ५ टक्के दर लागू झाला, म्हणून अण्णा प्रसन्न होते. नवरदेवाची भारी शेरवानी १२ वरून १८ टक्क्यांवर चढली, म्हणून त्यांचे चिरंजीव खिन्न होते. खरा आनंद मात्र सूनबाईंना झाला होता. त्या माहेरच्या गुजराती, आणि सरकारने खाकऱ्यावरचा कर शून्यावर आणला होता.

“आमच्या खाकऱ्याचा दिल्लीत विचार झाला. तुमच्या शेंगाचटणीचे काय?” असे त्यांनी सासूबाईंना हसत विचारले.

“चटणी घरची आहे. तिचे बिलच फाडत नाहीत,” आज्जींनी शांतपणे उत्तर दिले.

पाडव्याला नव्या वह्यांचे पूजन झाले. पहिल्या पानावर वीर निर्वाण संवत २५५२ घातले गेले. वर्षभराचा हिशेब संगणकात राहतो, तरी कुंकू वहीलाच लावायचे असते. भाऊबीज मात्र त्या घरी थोडी मुकी गेली. आज्जींचे माहेर सीमेपलीकडचे, निपाणीजवळचे. थोरले बंधू गेल्या वर्षी निवर्तले आणि यंदा ओवाळायला कोणी उरले नव्हते. त्यांच्यासोबत आणखीही एक गोष्ट गेली होती, पण तिची नोंद घरात कोणी घेतली नव्हती. आज्जींची मायबोली कन्नड. सासर मराठी, दुकानाचा गल्ला मराठी, मुलांच्या शाळा मराठी. तेव्हा लग्नानंतर ती भाषा हळूहळू दर रविवारी बंधूंना होणाऱ्या फोनपुरती उरली होती. आता तो फोनही बंद झाला होता.

“बेळगोळला जाऊन येऊ या,” असे भाऊबीजेच्या रात्री आज्जी म्हणाल्या, तेव्हा कोणीही ‘दुकानाचे काय?’ असे विचारले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता गाडी निघाली.

इचलकरंजीहून श्रवणबेळगोळ सुमारे साडेपाचशे किलोमीटर आहे. पुढच्या आसनावर अण्णा, चालकाच्या जागी चिरंजीव, मागे सासू-सून आणि मध्ये अकरा वर्षांची नात, अशी कुटुंबाच्या घटनेप्रमाणे आसनव्यवस्था झाली. खाकऱ्याचा डबा वर आणि शेंगाचटणीचा खाली, ही व्यवस्था सूनबाईंनी केली. संकेश्वर येईपर्यंत आज्जींनी ती बदलली.

कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की राज्य बदलते. माती तीच, ऊस तोच, रस्त्याकडेची गुऱ्हाळेही तशीच. बदलतात त्या पाट्या. नातीने नेमका तोच विषय काढला. दुकानाची पाटी मराठीत हवी म्हणून अण्णांनी काही काळापूर्वी आपला फलक नव्याने रंगवून घेतला होता. कर्नाटकात फलकाच्या ६० टक्के भागावर कन्नड असावे, असा नियम आहे.

“म्हणजे आपले दुकान तीस किलोमीटर इकडे असते, तर पाटी बदलावी लागली असती?” तिने विचारले.

“पाटी बदलली असती. उधारी तीच राहिली असती,” अण्णा म्हणाले.

मग गाडीत भाषेचा विषय निघाला तो निघालाच. ते वर्षच तसे होते. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळून वर्ष उलटले होते. ३ ऑक्टोबर २०२४ चा तो निर्णय. यंदा एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, रणे माजली आणि जूनअखेर तो मागे घेण्यात आला. मुलांना किती भाषा शिकवाव्यात, कोणत्या इयत्तेपासून, कोणाच्या सांगण्यावरून, यावर वडील आणि मुलगा धारवाडपर्यंत वाद घालत राहिले. मागे बसलेल्या सूनबाई माहेरी फोन लावून गुजरातीत बोलत होत्या. नात इंग्रजी पुस्तक वाचत होती. आज्जी खिडकीबाहेर पाहत, दुकानांवरच्या पाट्या ओठांतल्या ओठांत वाचत होत्या.

हुबळीला दुपारच्या जेवणाची वेळ झाली. जैन कुटुंबाचा प्रवास हा अर्धा वाटेचा आणि अर्धा वाढप्याशी होणाऱ्या वाटाघाटींचा असतो. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, आणि सांबारात घातलेला कांदा ‘काढून देतो’ असे सांगू नका, हे चिरंजीवांनी आधी हिंदीत सांगितले, मग इंग्रजीत सांगितले, शेवटी हाताच्या खुणांनी सांगितले. वाढपी नम्रपणे मान हलवत राहिला आणि मसाला डोसाच घेऊन आला. तेव्हा आज्जींनी त्याला जवळ बोलावले.

“ईरुळ्ळि, बेळ्ळुळ्ळि, आलूगड्डे बेडप्पा,” त्या म्हणाल्या.

तीन पदार्थांची नावे आणि शेवटी ‘नको रे बाबा’; एवढेच वाक्य. वाढप्याचा चेहरा उजळला. त्याने काहीतरी विचारले, आज्जींनी काहीतरी सांगितले, तो हसला, त्याही हसल्या. थोड्याच वेळात चटणीसह साधा डोसा, दह्याची वाटी आणि गरम भात समोर आला. वाढपी पुनःपुन्हा येऊन ‘अम्मा’ला काय हवे-नको ते पाहून जात होता. अण्णांनी चार जणांच्या देखत कबूल केले नाही, पण लग्नाला जवळजवळ पन्नास वर्षे होत आली असताना पत्नीला अनोळखी माणसाशी इतके मोकळे बोलताना ते पहिल्यांदा पाहत होते.

चित्रदुर्गापुढे मुख्य महामार्ग सोडून गाडी अरसीकेरेच्या दिशेला लागली, तशी दोन्ही बाजूंना नारळीच्या बागा सुरू झाल्या. तिपटूर आणि अरसीकेरे हा खोबऱ्याचा मुलूख. चिरंजीवांनी खोबऱ्याच्या भावाचा विषय काढला, अण्णांनी वाहतूकखर्च काढला, आणि मायलेकी दोघीही गाढ झोपल्या. चन्नरायपट्टणाहून वळण घेतल्यावर मोकळ्या आकाशाखाली एक करडा, उघडा डोंगर दिसू लागला आणि त्याच्या माथ्यावर तटबंदी. त्या तटाच्या वर, अगदी बोटभर, गोमटेशाचे मस्तक दिसत होते. आज्जींनी हात जोडले. गाडीत कोणी काही बोलले नाही. सूर्यास्ताला अवकाश होता. भोजनालयात संध्याकाळचे जेवण वेळेत मिळाले.

श्रवणबेळगोळ हे दोन टेकड्यांच्या मधले गाव आहे. थोरली टेकडी विंध्यगिरी, धाकटी चंद्रगिरी, आणि दोहोंच्या मध्ये ‘कल्याणी’ नावाचे तळे. ‘बेळगोळ’ म्हणजे पांढरे तळे. गावाला नाव पाण्याने दिले आहे. चंद्रगिरी वयाने मोठी. आचार्य भद्रबाहूंबरोबर सम्राट चंद्रगुप्त मौर्य येथे आला, राज्य सोडून मुनी झाला आणि येथेच त्याने सल्लेखना घेतली, अशी परंपरा सांगते. संध्याकाळच्या उन्हात त्या टेकडीवरची बसदींची शिखरे शांत उभी होती. ज्या सम्राटाचे साम्राज्य अफगाण प्रदेशापर्यंत पोहोचले होते, त्याने शेवटी एवढ्याशा टेकडीची निवड करावी, हे ऐकून नातीने विचारले, “मग त्याचे दुकान कोणी सांभाळले?”

“मुलाने. पण तो फोन करून विचारत नव्हता,” अण्णा म्हणाले. मुनिमाशी फोनवर बोलत असलेल्या चिरंजीवांनी तो टोमणा ऐकून न ऐकल्यासारखे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विंध्यगिरीच्या पायथ्याशी चपला काढल्या गेल्या. वरपर्यंत अनवाणी जायचे असते. दगड तापतो म्हणून पायथ्याला पायमोजे विकायला असतात. अण्णांनी जोडी हातात घेऊन सवयीने सुताचा कस पाहिला आणि परत ठेवली. खडकातच कोरलेल्या पायऱ्या साडेसहाशेच्या आसपास आहेत. आज्जींचे गुडघे त्या आकड्याला राजी नव्हते. वेताच्या खुर्चीची डोली चौघे जण खांद्यावर वाहून नेतात. अण्णांनी दर विचारला आणि लगेच दुसरा आकडा सांगितला.

“अहो, थांबा. माणसाच्या खांद्यावर बसायचे आणि वर घासाघीस करायची, हे मला जमणार नाही,” आज्जी म्हणाल्या.

अण्णांनी मागितले तेवढे पैसे मोजून दिले. त्या दिवशीचा त्यांचा हा एकच तोट्याचा व्यवहार, आणि घरी परतल्यावर तो त्यांनीच सर्वांना अभिमानाने सांगितला.

आज्जी पहिल्यांदा या पायऱ्या चढल्या तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. १९६७ चा महामस्तकाभिषेक; वडिलांचे बोट धरून, भावाशी शर्यत लावत त्या वर पोहोचल्या होत्या. १९८१ मध्ये मूर्तीला हजार वर्षे झाल्याचा सोहळा झाला, तेव्हा कडेवर मूल होते. १९९३, २००६ आणि २०१८ ही वर्षेही दुकान, लग्नकार्ये आणि आजारपणे यांत निघून गेली. दर बारा वर्षांनी येणारा योग कधी बारा, कधी तेरा-चौदा वर्षांनी येतो. घरातल्या बाईची सवड त्याहूनही उशिरा येते. पुढचा सोहळा २०३० च्या सुमारास अपेक्षित आहे. तोवर गुडघे थांबतील की नाही, याची खात्री नव्हती.

डोली निघाली आणि नात तिच्या बाजूने चालू लागली. थोड्या वेळाने ती पायऱ्या मोजू लागली. आज्जी म्हणाल्या, “माझ्याबरोबर मोज. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.”

“ऐदु, आरु,” पुढून डोलीवाला म्हणाला.

“एळु,” आज्जी म्हणाल्या, आणि नातीने तो शब्द पहिल्याच प्रयत्नात असा स्वच्छ उच्चारला की चौघेही डोलीवाले दाद देत हसले. हिंदीच्या जिभेला अवघड जाणारा ‘ळ’ मराठी मुलीला घरचाच होता. एंटु, ओंबत्तु, आणि मग दहा: हत्तु.

“हत्तु म्हणजे दहा,” आज्जींनी सांगितले. “आणि हत्तु म्हणजेच ‘चढ’.”

त्या टेकडीवर त्या शब्दाहून अधिक उपयोगी शब्द दुसरा नव्हता. दर दहा पायऱ्यांनी ‘हत्तु’ आला की मोजणीही पूर्ण होई आणि आज्ञाही सुटे. मागून धापा टाकत येणाऱ्या अण्णांना नात वळून सांगे, “आजोबा, हत्तु!” आणि अण्णा ‘दहा झाल्या का?’ असे विचारत उरलेल्या श्वासात आणखी दहा चढत. वर पोहोचल्यावर आजोबा-नातीच्या बेरजेत सतरा पायऱ्यांचा फरक निघाला. चिरंजीवांनी तो ‘संकीर्ण खर्च’ खात्यात टाकावा, असे सुचवले.

मुख्य प्राकाराबाहेर, गोमटेशाकडे तोंड करून, एका म्हातारीची मूर्ती उभी आहे. तिला ‘गुळ्ळकायज्जी’ म्हणतात. ‘अज्जी’ हा शब्द कळायला नातीला कोणाच्या मदतीची गरज पडली नाही. आख्यायिका अशी की चावुंडरायाने मूर्तीच्या पहिल्या अभिषेकासाठी दुधाचे घडेच्या घडे आणवले, पण दूध मूर्तीच्या मांड्यांखाली उतरेना. तेव्हा गर्दीच्या कडेला उभी असलेली एक म्हातारी गुळ्ळकायीच्या, म्हणजे वांग्यासारख्या लहानशा फळाच्या, कवचात थोडेसे दूध घेऊन पुढे आली. तिच्या त्या वाटीभर दुधाने मूर्ती आपादमस्तक न्हाऊन निघाली आणि सेनापतीचा अभिमानही धुतला गेला. सूनबाई त्या मूर्तीपुढे बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी सासूबाईंचा हात धरून त्यांना डोलीतून उतरवले आणि प्राकाराच्या आत नेले.

आत गेल्यावर मान वर जाते ती जातच राहते. एका अखंड खडकातून कोरलेली ५७ फुटांची मूर्ती; पायाशी वारुळे, हातांपायांवर चढलेल्या वेली, आणि ओठांवर असे मंद स्मित की पाहणाऱ्याला आपलेच काहीतरी सापडल्यासारखे वाटावे. भरताला जिंकूनही राज्य नाकारणारा हा भाऊ. वाटणीवरून भावाभावांत बोलणे बंद झालेली घरे प्रत्येक बाजारपेठेत असतात. त्यांच्यापैकी कोणीही येथे उभे राहून फार वेळ मान वर ठेवू शकत नसेल.

पुजाऱ्यांनी आज्जींशी कन्नडमध्ये चौकशी केली, आणि हे इचलकरंजीचे पाहुणे आहेत असे कळताच बोटाने मूर्तीच्या पायांजवळची एक जागा दाखवली. तेथील शिळेवर काही ओळी कोरलेल्या आहेत. गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय याने ही मूर्ती घडवून घेतली, एवढाच मजकूर, पण तो तीन भाषांत आहे: कन्नड, तमिळ आणि मराठी. मराठी ओळ नागरी लिपीत आहे: ‘श्रीचावुंडराजे करवियले’. दुसऱ्या बाजूला आणखी एक मराठी ओळ आहे. होयसळांचा सेनापती गंगराज याने पुढे बाराव्या शतकात मूर्तीभोवतीचा प्राकार बांधवला, त्याची ती नोंद. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत या ओळींची गणना होते. पहिली ओळ नेमकी कोणत्या सालची, याबाबत विद्वानांत एकमत नाही.

“करवियले,” नातीने पुन्हा म्हटले. “म्हणजे करविले? केले नाही?”

“केले नाही, करविले,” अण्णा म्हणाले. “छिन्नी दुसऱ्याने चालवली, पैसे याने दिले. जे केले नाही ते केले म्हणून लिहिले नाही. हिशेब चोख आहे.”

दुसऱ्या ओळीत भोवतीच्या प्राकाराला ‘सुत्ताले’ असा शब्द आहे. तो आज्जींनी ओळखला. कन्नडमध्ये ‘सुत्तु’ म्हणजे भोवती. मराठीच्या सर्वांत जुन्या वाक्यांपैकी एकात एक कन्नड शब्द पाहुणा म्हणून नव्हे, तर घरच्यासारखा बसला होता, आणि त्यावर कोणी हरकत घेतल्याची नोंद त्या शिळेवर नव्हती.

चिरंजीव आदल्या दिवशीचा वाद आठवून म्हणाले, “म्हणजे तीन भाषांचे धोरण इथे हजार वर्षांपूर्वीच ठरले होते. आणि कोणी मागे घेतले नाही.”

“धोरण कसले? गिऱ्हाइकाला वाचता यावी म्हणून पाटी लावतात,” अण्णांनी उत्तर दिले. “यात्रेला मराठी माणूस येत असणार. त्याला आपले वाटावे म्हणून लिहिले.”

एवढे बोलून ते थांबले. मग काही वेळ ते मूर्तीकडे न पाहता पत्नीकडे पाहत होते. ज्या घरात प्रत्येक गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेतले दोन शब्द बोलायची रीत होती, रेशमाच्या व्यापाऱ्याशी तोडकी तेलुगू आणि सुताच्या दलालाशी मारवाडी, त्या घरात माजघरातल्या माणसाची भाषा शिकायचे कोणालाच सुचले नव्हते. मनाई कोणी केली नव्हती. गरजच कोणाला वाटली नव्हती, आणि आज्जींनी तक्रार केली नव्हती. घरच्या चटणीसारखे ते बिनबिलाचे होते.

अण्णांनी त्यावर भाषण केले नाही. उतरताना त्यांनी डोलीच्या जवळून चालत, घसा साफ करून, फक्त एवढेच विचारले, “अगं, ‘सावकाश’ला काय म्हणतात?”

“निधान,” आज्जी म्हणाल्या.

“निधान, निधान,” अण्णांनी डोलीवाल्यांना सांगितले. डोलीवाले हसले, आणि खरोखरच थोडे सावकाश चालू लागले.

परतीच्या वाटेवर हुबळीला पुन्हा तेच उपाहारगृह गाठले गेले. यावेळी नातीने वाढप्याला स्वतः सांगितले. कांदा आणि लसूण तिला बरोबर आठवले, बटाट्यापाशी ती अडखळली, आणि तो शब्द तिला सूनबाईंनी पुरवला. सासूबाईंच्या शेजारी बसून गुजरातीत फोन करता करता त्यांनी तो जाताना कधी कानात घेतला, ते कोणालाच कळले नव्हते. कोगनोळीच्या नाक्यावर राज्य पुन्हा बदलले. पाट्या मराठी झाल्या, माती तीच राहिली. खाकऱ्याचा डबा अर्धा शिल्लक होता, चटणीचा रिकामा झाला होता. कराचा आणि खपाचा संबंध नेहमीच असतो असे नाही, हे त्यावरून सिद्ध झाले.

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, लग्नसराईचा माल आला. त्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायची पद्धत आहे, त्यामुळे संध्याकाळची घाई रोजची. पूर्वी त्या घाईत ‘जेवलीस का?’ हे आज्जींना कोणी विचारत नसे, कारण सर्वांना वाढून त्या शेवटी बसत. आता साडेपाचच्या सुमारास दप्तर ठेवता ठेवता नात स्वयंपाकघरात डोकावते आणि विचारते, “ऊट आयता, आज्जी?”

जेवण झाले का, एवढाच त्याचा अर्थ. आज्जी उत्तर कन्नडमध्ये देतात. ते सगळे तिला समजतेच असे नाही, पण तोवर सूनबाईंनी त्यांचे ताट वाढलेले असते.